पणतीएवढा कंद

(दृश्य : ओट्यावर पसरलेलं वर्तमानपत्र, त्यावर कंद)

मार्च महिना. इंग्लंडमधलं ब्रिस्टल. बाहेर गवतावर अजून हिम धरतंय आणि माझ्या मावशीच्या ओट्यावर बेगोनिया या फुलझाडाचे चौदा कंद मांडलेत. तपकिरी, खालून फुगीर, वरून खोलगट. मावशी मूळची वाईची. पहिला कंद हातात आला तेव्हा ती म्हणाली होती, “अगं बाई, ही तर पणती!” लावायचाही पणतीसारखाच, खळगा वर.

जवळून बघा. खळग्यात हे गुलाबी ठिपके दिसतायत ना, ज्वारीच्या दाण्याएवढे? हे डोळे. ते फुगले की कंद जागा झाला म्हणायचं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मुठीत दाबलं तर पाणी गळू नये, इतपतच ओलं करायचं. त्यात कंद बसवायचा आणि खळगा मात्र उघडा ठेवायचा. तिथं पाणी साचलं की आल्या-हळदीला होते तशी कंदकूज ठरलेली. ऊब हवी साधारण १८ अंशांची, म्हणून हा ट्रे घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरजवळच्या खिडकीत.

(दृश्य : जुनी वनस्पतिचित्रं, अँडीजचे डोंगर)

हे झाड आलं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजमधून. १८६०च्या दशकात रिचर्ड पियर्स हा व्हीच यांच्या इंग्लंडमधल्या रोपवाटिकेसाठी पेरू-बोलिव्हियाचे डोंगर पालथे घालत होता. शेंदरी, लोंबत्या फुलांचा बेगोनिया बोलिव्हिएन्सिस त्यानं पाठवला. पिवळ्या फुलांचा बेगोनिया पियर्सी तर त्याच्याच नावानं ओळखला जातो. त्याच रोपवाटिकेतल्या जॉन सीडननं या कंदांचा पहिला संकर केला आणि तो १८७० मध्ये विक्रीला आला. पियर्सला तो बघायला मिळाला नाही, १८६८ मध्ये तो पनामात वारला. आज कुंडीत पिवळा किंवा जर्दाळू रंग दिसला की मला हा माणूस आठवतो.

पुढे १९०१ मध्ये इथून जवळच, बाथमध्ये, ब्लॅकमोर आणि लँग्डन यांनी रोपवाटिका काढली. तिचे बेगोनिया लंडनमधल्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात, १९१३च्या अगदी पहिल्या वर्षीही होते.

(दृश्य : जुलै, मागचं अंगण, फुललेल्या कुंड्या)

मे संपला, हिमाची भीती गेली, की कुंड्या बाहेर येतात. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. दुपारचं ऊन पानं करपवतं.

आता मावशीचा हात बघा. एका दांड्यावर तीन कळ्या. मधली नर, तीच भरगच्च दुहेरी होणार. बाजूच्या दोन मादी, साध्या पाकळ्यांच्या, मागे तीन पंखांची बीजकोशाची पिशवी. त्या दोन्ही ती नखानं खुडते. फूल बशीएवढं हवं असेल तर मधल्या कळीला वाटेकरी नको. आणखी एक गंमत : पानाचं टोक ज्या दिशेला, फुलाचं तोंडही त्याच दिशेला. म्हणून आधाराची काठी नेहमी पाठीमागून.

पानांवर पांढरी भुरी आली तर ते पान लगेच काढायचं, कुंड्यांत वारा खेळता ठेवायचा.

आपल्याकडे सखल भागात हा का रमत नाही? रात्री उकडतं हे एक. दुसरं कारण दिवसाचं. याला फुलायला मोठे दिवस लागतात. ब्रिस्टलला जूनमधला दिवस साडेसोळा तासांहून मोठा, मुंबईचा सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. दिवस आखडला की हे झाड फुलं आवरतं आणि कंद भरायला लागतं.

(दृश्य : सह्याद्री, पावसात निथळणारा कातळ)

पण कंदाचा बेगोनिया आपलाही आहे. बेगोनिया क्रेनाटा. पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर, गडांच्या भिंतींवर फिकट गुलाबी फुलांचे हे झुबके. पाऊस सरला की वरचं सगळं नाहीसं होतं, कंद फटीत निजतो. कुणी त्याला मेला म्हणत नाही.

(दृश्य : ऑक्टोबर, पिवळी पडलेली पानं)

कुंडीतल्या कंदाला मात्र म्हणतात. पानं पिवळी पडली, झाड आडवं झालं, की माणसं कुंडीच उपडी करतात. कृपा करून असं करू नका. पाणी हळूहळू तोडा. थांबा. दांडा ओढू नका, तो आपणहून सुटतो.

बघा, सुटला. खाली हा गोल, ओला व्रण राहिला. तो पूर्ण सुकू द्यायचा, दांड्याचा तुकडाही मागे ठेवायचा नाही, कारण कूज तिथूनच शिरते. माती झाडून कंद आठवडाभर वाळवायचा, मग कोरड्या वाळूत, कागदी पिशवीत, ५ ते १० अंशांच्या गारव्यात. गेल्या हिवाळ्यात पाच कंद गेले, ओल राहिली होती.

हा तळहाताएवढा झालेला कंद अकरा वर्षांचा आहे.

(दृश्य : जिन्याखालचं कपाट)

दिवाळी झाली. आकाशकंदिलाचं खोकं आत गेलं, त्याच्या शेजारी या पिशव्या. मावशी महिन्यातून एकदा दार उघडते, पिशवी नाकाशी धरते, कंद अंगठ्यानं दाबून बघते.

घट्ट आहे. परत ठेवते.