जुनी मिल, पतसंस्थेचा अहवाल आणि एमबीएचा एक पेपर

नमस्कार सोलापूरकर. मी इथल्या एका कॉलेजात एमबीए आणि एमकॉमच्या मुलामुलींना कॉर्पोरेट गव्हर्नन्स आणि बिझनेस एथिक्स शिकवते, म्हणजे कंपनी कुणी आणि कशी चालवायची, चालवणाऱ्याला जाब कुणी विचारायचा, आणि फायदा होत असला तरी कुठली गोष्ट करायची नाही, हे सगळं या एका पेपरात येतं. ॲडमिशनच्या वेळी पालक येतात, अगदी काळजीनं विचारतात की मॅडम, फायनान्स समजतं, मार्केटिंग समजतं, एचआर पण समजतं, पण हा पेपर कशाला ठेवलाय, यानं नोकरी लागती का? आणि मुलांचं तर ठरलेलंच असतं, थिअरीचा पेपर आहे, आदल्या रात्री गाईड चाळलं की निघतो. मला आज त्यावरच बोलायचंय, कारण मला मनापासून वाटतं की हा पेपर शिकायला सोलापूरसारखं गाव नाही, आणि तरी आपण वर्षानुवर्षं तो अमेरिकेच्या एन्रॉन या घोटाळ्यात बुडालेल्या कंपनीपासून सुरू करतोय.

आपली जुनी मिल घ्या. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, स्थापना १८७४ ची. तुमच्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा तिथं कामाला असतील. ऑगस्ट १९४९ मध्ये ही मिल बंद पडली, हजारो माणसं घरी बसली, आणि जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढला, तो सुद्धा सगळ्या कापड गिरण्यांसाठी नव्हे, फक्त या एका कंपनीसाठी, आणि त्याच वर्षी संसदेनं त्याचा कायदा केला. त्याच्या सुरवातीलाच कारण लिहिलंय बघा, की गैरव्यवस्थापन आणि हेळसांड यांच्यामुळे कंपनीत अशी परिस्थिती झाली की गरजेच्या मालाच्या उत्पादनाला धक्का बसला आणि समाजातल्या एका वर्गात गंभीर बेकारी आली. गिरण्या बंद पडायची कारणं पुढं आपण खूप ऐकली, जुनी मशिनरी, पॉवरलूमची स्पर्धा, संप, आणि ती आपापल्या जागी खरी पण असतील, पण १९५० च्या या कागदावर सरकारनं सरळ कारभारावर बोट ठेवलंय.

त्या कायद्यानं जुने संचालक बाजूला केले, सरकारनं आपले संचालक नेमले, आणि मॅनेजिंग एजंटचा करार संपवला. हे मॅनेजिंग एजंट म्हणजे काय ते आजच्या मुलांना सांगावं लागतं, त्या काळी कंपनीचा रोजचा कारभार बाहेरची एक फर्म कराराने बघायची आणि त्याचं कमिशन घ्यायची, भागधारक आपले नावाला मालक, ही पद्धत आपल्याकडं १९७० मध्ये बंद झाली. आणि या कायद्यात शेअरहोल्डरांचे पण हात बांधले, संचालक निवडायचे नाहीत, ठराव केला तरी सरकारच्या मंजुरीशिवाय चालायचा नाही.

मग चिरंजितलाल चौधरी नावाचे एक शेअरहोल्डर, स्वतःच्या नावावर एक ऑर्डिनरी शेअर, ते थेट सुप्रीम कोर्टात गेले, आणि सुप्रीम कोर्ट तेव्हा स्थापन होऊन वर्ष पण झालं नव्हतं. त्यांचं म्हणणं की एकट्या आमच्या कंपनीसाठी वेगळा कायदा का, ही समानता कुठली, आणि माझा मालमत्तेचा हक्क गेला त्याचं काय. ४ डिसेंबर १९५० ला निकाल लागला, तीन विरुद्ध दोन, अर्ज फेटाळला. पण विषय संपला नाही, कारण सरकारी संचालकांनी प्रेफरन्स शेअरवाल्यांना, म्हणजे ज्यांना लाभांश आधी मिळतो त्या भागधारकांना, शेअरचे उरलेले पैसे भरा म्हणून कॉल काढला होता, त्यावर द्वारकादास श्रीनिवास कोर्टात गेले आणि १९५३ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भरपाई न देता अशी मिल ताब्यात घेणं घटनेत बसत नाही. यानंतर १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती झाली, आणि सरकारला ठराविक मुदतीसाठी एखाद्या मालमत्तेचं व्यवस्थापन ताब्यात घेता यावं अशी तरतूद घटनेत घातली गेली. म्हणजे आपल्या गावातल्या मिलच्या भांडणाचा धागा थेट देशाच्या घटनेपर्यंत जातो, आणि माझ्या वर्गात दरवर्षी सोलापुरातच जन्मलेली साठेक पोरं बसलेली असतात त्यातल्या एकालाही हे माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

चिरंजितलालचा निकाल वर्गात वाचायला घेतला की पेपरातली निम्मी थिअरी आपोआप उलगडते. कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे, शेअरहोल्डर वेगळा, कंपनीचं नुकसान झालं म्हणून ते आपोआप माझं नुकसान असं कोर्टात म्हणता येत नाही, हे पुस्तकात चार वेळा वाचून डोक्यात शिरत नाही ते चिरंजितलालच्या एका शेअरवरून लगेच शिरतं. पुढचा प्रश्न, कंपनी चालवायची कुणासाठी? मिल्टन फ्रीडमननं १९७० मध्ये लेख लिहून मांडलं की धंद्याची सामाजिक जबाबदारी म्हणजे नियम पाळून नफा वाढवणं, आणि १९८४ मध्ये एडवर्ड फ्रीमननं म्हटलं की कामगार, गिऱ्हाईक, पुरवठादार, आजूबाजूची वस्ती, ज्यांच्यावर परिणाम होतो त्या सगळ्यांचा विचार हा कारभाराचाच भाग आहे. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १६६ वाचा, संचालकानं सद्भावनेनं वागायचं ते सभासदांच्या भल्यासाठी आणि कंपनी, कर्मचारी, भागधारक, समाज आणि पर्यावरण यांच्या हितासाठी. आता १९५० च्या कायद्यातलं बेकारीचं ते वाक्य याच्या शेजारी ठेवून बघा, सोलापूरच्या कामगाराचं नाव त्या चर्चेत किती आधी आलं होतं.

तर मग मुलं म्हणतात, मॅडम, हे सगळं मोठ्या कंपन्यांचं झालं, आपल्याकडं लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्या आहेत तरी किती? बरोबर आहे. पण पतसंस्था आहेत की, सहकारी बँका आहेत, साखर कारखाने, सूतगिरण्या, हाउसिंग सोसायट्या आहेत. त्यांचा कायदा वेगळा, सहकार कायदा, पण प्रश्न तोच, दुसऱ्याचा पैसा हातात असलेल्या माणसाला विचारणार कोण. म्हणून मी असाइनमेंट देते की घरात कुठल्यातरी संस्थेचा वार्षिक अहवाल असेल तो घेऊन या.

पूर्व भागातली एक मुलगी, घरी लूम चालतात, ती वडलांच्या पतसंस्थेचा अहवाल घेऊन आली. नेहमीसारखाच, पुढं संचालकांचे फोटो, मग विषयपत्रिका, पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, शेवटचा विषय अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय, मधे ताळेबंद, आणि पार मागं एक छोटा तक्ता, संचालक व त्यांच्या नातेवाईकांकडील कर्ज. हा तक्ता सभेपुढं ठेवायलाच लागतो, कायद्यात आहे ते, पण वाचतं कोण. या पोरीनं आदल्या वर्षीचा अहवाल पण शोधून काढला आणि दोन तक्ते शेजारी ठेवले. आदल्या वर्षी थकबाकीच्या रकान्यात आकडा होता, यंदा शून्य, आणि तरी त्याच नावापुढं एकूण कर्ज मात्र वाढलेलं. ती मला विचारती, मॅडम, थकलेले पैसे भरले असतील तर कर्ज कमी व्हायला पाहिजे की, वाढलं कसं? यालाच बँकिंगमध्ये एव्हरग्रीनिंग म्हणतात, नवं कर्ज द्यायचं, त्यातनं जुनं फिटल्यासारखं दाखवायचं. या संस्थेत तसंच झालं असेल असं मी म्हणत नाही, सरळ कारण पण असू शकतं, पण प्रश्न शंभर टक्के बरोबर होता आणि तो विचारायची जागा म्हणजे वार्षिक सभा.

मी म्हटलं, वडील सभासद आहेत ना, त्यांना सांग सभेत विचारायला. दुसऱ्या दिवशी ती आली आणि म्हणाली की पप्पा म्हणतात, अगं त्यांच्याकडनंच सूत उधारीवर येतंय आपल्याला, मी कसं उठून विचारू. वर्ग एकदम शांत झाला, कारण प्रत्येकाच्या घरात असं कुणीतरी आहे. सूत ज्याच्याकडून येतं तोच संस्थेत संचालक, तोच लग्नाला आहेर घेऊन येणारा, आणि सभेत विषय वाचला की मागनं आवाज मंजूर, मंजूर, पाच मिनिटात ताळेबंद मंजूर आणि सगळे नाश्त्याला. त्या वडलांना मी भित्रा माणूस म्हणणार नाही, त्यांच्या लूमवर घर चालतं. माझं म्हणणं एवढंच की स्वतंत्र संचालक कशाला पाहिजे याचं उत्तर या एका वाक्यात आहे. कंपनी कायद्याच्या कलम १४९ मध्ये स्वतंत्र संचालकाची जी लांबलचक व्याख्या आहे, कंपनीशी पैशाचा संबंध नको, प्रवर्तकाचा म्हणजे कंपनी काढणाऱ्याचा नातेवाईक नको, ती मुलं घोकून पाठ करायची, त्या दिवशी त्यांना ती समजली. ज्याचं सूत उधारीवर नाही असा एक तरी माणूस टेबलाशी बसलेला पाहिजे, म्हणून लिस्टेड कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र ठेवा असं कायदा म्हणतो.

आणि तेवढ्यानं भागतं का, तर नाही, म्हणून मग सत्यम शिकवायचं. हैदराबादची आयटी कंपनी, आपल्या भागातली किती मुलं तेव्हा हैदराबादला आयटीत होती. सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीला कॉर्पोरेट गव्हर्नन्सचं पारितोषिक मिळालेलं, बोर्डावर नामवंत प्राध्यापक, तंत्रज्ञ. १६ डिसेंबर २००८ ला त्याच बोर्डानं अध्यक्षांच्या कुटुंबाशी जोडलेल्या मेटास नावाच्या दोन कंपन्या विकत घ्यायला मंजुरी दिली, गुंतवणूकदार खवळले म्हणून काही तासात तो निर्णय मागं घ्यावा लागला, आणि ७ जानेवारी २००९ ला अध्यक्ष रामलिंग राजूंचं पत्र आलं की ताळेबंदात दाखवलेली रोख आणि बँक शिल्लक यातली ५,०४० कोटींची रक्कम मुळात नाहीच. स्वतंत्र संचालक कागदावर स्वतंत्रच होते, ऑडिटर जगप्रसिद्ध होता. यानंतर २०१३ चा कायदा आला, लिस्टेड कंपनीला एकच ऑडिट फर्म सलग दहा वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण, असं बरंच काही. चांगलंच झालं. पण बँकेकडून थेट शिल्लकेचा दाखला मागून तो आकड्याशी ताडून बघणं हे काही नवीन कायद्याचं काम नव्हतं, ते आधीपासूनच करायचं होतं.

सहकारातलं पीएमसी म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं तर अलीकडचं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सुरवातीला फक्त एक हजार रुपये काढायची परवानगी होती, आणि एका बिल्डर समूहाचं कर्ज लपवायला बँकेत २१ हजारांपेक्षा जास्त बनावट खाती होती. त्यानंतर फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवींचा विमा १ लाखावरून ५ लाख झाला. एक लक्षात ठेवा, हा विमा बँकेतल्या ठेवीला असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो, त्यामुळे पतसंस्थेच्या सभासदानं तर अहवाल जास्तच बारकाईनं वाचायला पाहिजे.

आता एथिक्स. टॉवेल आणि चादर बनवणाऱ्या गावाला हे बाहेरून शिकवायची गरज नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीनं वेलस्पन या भारतीय कंपनीबरोबरचा धंदा थांबवला, कारण इजिप्शियन कॉटन म्हणून विकलेल्या चादरी दुसऱ्याच कापसाच्या निघाल्या, आणि कंपनीचा शेअर दणकन पडला. कापसाचं लेबल, एवढीच गोष्ट. माझे विद्यार्थी विचारतात की खरेदीदाराची माणसं कारखाना तपासायला येणार म्हणून त्यांना दाखवायला हजेरीचं वेगळं रजिस्टर तयार करायला मालकानं सांगितलं तर मी काय करायचं, माझी नवीन नोकरी आहे. मला या प्रश्नाचं सोपं उत्तर येत नाही आणि तसं सोपं उत्तर देणारा शिक्षक मला आवडत पण नाही. आम्ही वर्गात बसून एकेक वाट बघतो, लेखी विचारायचं का, कुणाला विचारायचं, कंपनीत तक्रारीची सोय आहे का, सही करायला नकार द्यायचा तर शब्द कुठले वापरायचे. हे आधी बोलून झालेलं असलं की त्या दिवशी हात थोडा कमी थरथरतो.

नोकरीचं विचारलंत, तर ती पण आहे. कंपनी सेक्रेटरी, इंटर्नल ऑडिट, कंप्लायन्स म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणं, हे जुने रस्ते आहेतच, आणि २०२२-२३ पासून सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं, बाजारमूल्याप्रमाणे पहिल्या एक हजार लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर म्हणजे पर्यावरण, कामगार आणि कारभार यांचा सविस्तर अहवाल सक्तीचा केलाय, तो लिहायला माणसं लागतात. पण प्रोजेक्टला विषय घेताना इंटरनेटवरून परदेशी केस उतरवू नका. सेबीचे आदेश फुकट वाचायला मिळतात, कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्यांच्याच साइटवर असतात, सुरवात मागच्या पानावरच्या नोट्सपासून करा, रिलेटेड पार्टी ट्रान्झॅक्शन, म्हणजे कंपनीचे आपल्याच संबंधितांशी झालेले व्यवहार, या मथळ्याखाली कोण कोणाला किती देतंय ते बघा, दोन वर्षं शेजारी ठेवा.

आणि पालकांनो, ३० सप्टेंबरच्या आत सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा होतात. तुमच्या संस्थेचा अहवाल घरी आला नसेल तर ऑफिसात जाऊन मागा, सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद आणि सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त सभासदाला ऑफिसात फुकट बघता येतं. सभेला जाताना पोरीला किंवा पोराला तो अहवाल आदल्या रात्री वाचायला द्या, आणि त्यांना काही अडलं तर वर्गात घेऊन यायला सांगा, आम्ही बसून वाचतो. नमस्कार.