थंड इंजिनाची तपासणी

श्रोतेहो, सकाळी पहिल्यांदा चालू केलेली गाडी दोन-तीन मिनिटे थरथरते, आरपीएमचा काटा वरखाली होतो, कधी इंजिन बंदही पडते आणि तापले की काही घडलेच नव्हते अशा थाटात ते शांत चालू लागते. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत ते तापलेलेच असते. मेकॅनिक बॉनेट उघडून ऐकतो आणि ‘गाडीत काही दोष नाही’ असे सांगतो. तेवढ्यापुरते ते खरेही असते. म्हणून माझा आग्रह एकच आहे: पेट्रोल गाडीची ही तपासणी रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनावरच करावी. अशी संधी दिवसातून एकदाच मिळत असल्यामुळे सगळी तयारी किल्ली फिरवण्याआधी झालेली असावी.

थंड इंजिनाची अडचण मुळात अशी, की पेट्रोल जळते ते त्याची वाफ होऊन हवेत मिसळल्यावर. एक भाग पेट्रोलाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण आहे. परंतु थंड इंजिनात फवारलेल्या पेट्रोलचा बराच अंश वाफ न होता धातूच्या पृष्ठभागांवर ओला राहतो आणि प्रत्यक्ष मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. त्याची भरपाई म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, जास्त पेट्रोल सोडतो आणि आयडलिंगही, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेगही, वाढवतो. कार्ब्युरेटरच्या काळात हेच काम चालक चोक ओढून करीत असे आणि तो परत ढकलायला विसरला की सायलेन्सरमधून निघणारा काळा धूर साऱ्या रस्त्याला ते कळवीत असे. मिश्रण बरोबर आहे का हे ईसीयूला सांगणारा एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्यावरच भरवशाचे उत्तर देतो. तोपर्यंत ईसीयू आधीच ठरवून दिलेल्या आकड्यांवर चालतो, आणि थंडपणी उघड होणारे बहुतेक दोष नंतर त्या उत्तरावरून ईसीयू करीत असलेल्या दुरुस्तीखाली झाकले जातात.

या आकड्यांचा मुख्य आधार म्हणजे कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान सांगणारा सेन्सर. तो पूर्ण तुटला तर ईसीयूला कळते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. पण तो चुकीचे, तरीही शक्य वाटणारे तापमान सांगत असेल, तर पुष्कळदा ईसीयूमध्ये कोणताही कोड, म्हणजे दोषाचा क्रमांक, नोंदला जात नाही. गार इंजिनाला तो ७० अंश म्हणाला, की जादा पेट्रोल मिळत नाही आणि गाडी थरथरते. या एका सेन्सरपायी मी एकदा चारही स्पार्क प्लग आणि त्यांना ठिणगीसाठी वीज पुरवणारी एक कॉइल विनाकारण बदलली होती. आता मी ईसीयूतले आकडे आणि कोड वाचणारा स्कॅनर जोडून, इंजिन चालू न करता, कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान शेजारीशेजारी पाहतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे दोन आकडे जवळपास सारखे असले पाहिजेत. त्यांत १५-२० अंशांचे अंतर दिसले, तर पुढचे काही उघडण्याआधी सेन्सर आणि त्याचा कनेक्टर तपासावा.

दुसरा नेहमीचा अपराधी म्हणजे व्हॅक्यूमची गळती, म्हणजे फटीतून इंजिनात शिरणारी जादा हवा. आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळजवळ बंद असल्यामुळे इंजिन मोजकीच हवा ओढते, आणि चिरलेल्या होजमधून (रबरी नळीतून) किंवा इनटेकच्या, म्हणजे हवा आत येण्याच्या मार्गाच्या, गॅस्केटमधून शिरलेली थोडी हवाही तेव्हा फार ठरते. जुने रबर गारठ्यात कडक होऊन फट उघडते, तापल्यावर ती काही प्रमाणात मिटते. गळती शोधायला ज्वालाग्राही स्प्रे मारण्याची पद्धत सर्रास चालते. मला ती आगीच्या भीतीने पसंत नाही. बंद इंजिनाच्या इनटेकमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो हे पाहणे अधिक सुरक्षित आणि अधिक नेमके असते. काजळलेली थ्रॉटल बॉडी साफ करण्याचे कामही याच वेळी उरकावे.

सगळे इंजिन डळमळण्याऐवजी ठरावीक ठेक्यात ‘मिसिंग’ होत असेल, म्हणजे मधले पेटणे चुकत असेल, तर दोष बहुधा एका सिलिंडरचा असतो. पी०३०१ ते पी०३०४ हे कोड पहिल्या ते चौथ्या सिलिंडरकडे बोट दाखवतात. संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावावी. दुसऱ्या दिवशी सकाळी कोडही तिच्यामागे गेला, तर कॉइल बदलावी. तो जागेवरच राहिला, तर प्लग, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) या क्रमाने जावे.

मात्र थरथरीबरोबर सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर बराच वेळ येत असेल आणि कूलंटची पातळी दर आठवड्याला उतरत असेल, तर प्लग बदलत बसू नये. सिलिंडरवरचा जोड बंद ठेवणाऱ्या हेड गॅस्केटमधून रात्रभर झिरपलेले कूलंट सिलिंडरमध्ये साचते आणि सकाळी तोच सिलिंडर काही वेळ पेटत नाही. प्रेशर टेस्टरने कूलंटवर दाब देऊन तो उतरतो का, हे पाहावे, आणि निकाल लागेपर्यंत गाडी चालवू नये.

गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवणे शक्य नसेल, तर निदान स्कॅनरवरचे कोड घाईने पुसू नका. बहुतेक गाड्यांत कोडसोबत त्या क्षणीचे कूलंटचे तापमान आणि आरपीएमही नोंदलेले असतात. तापमान २५ अंश आणि आरपीएम १२०० अशी नोंद सापडली, तर दोष थंड आयडलिंगलाच पकडला गेला असे समजून तपासाला सुरुवात करता येते. दुरुस्तीनंतरची चाचणीही पुन्हा पहाटेच्या गार इंजिनावरच घ्यावी लागते. त्यामुळे गाडी त्याच संध्याकाळी ताब्यात मिळावी असा हट्ट ग्राहकाने धरू नये.