चौथ्या वॉर्डाशेजारची खोली

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात, चौथ्या क्रमांकाच्या वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत अरुणा शानबाग या परिचारिकेच्या आयुष्याची अनेक वर्षे गेली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयाच्या तळघरात एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि हरपलेले भान पुन्हा कधीच पूर्णपणे परतले नाही. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या, तोवर रुग्णालयातील परिचारिकांच्या कित्येक तुकड्यांनी त्यांना न्हाऊमाखू घातले होते आणि भरवले होते. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण दिसला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली.

लेखिका पिंकी विराणी यांनी न्यायालयाकडे मागितले होते ते हे की, अरुणाताईंना अन्न भरवणे थांबवावे आणि त्यांना शांतपणे जाऊ द्यावे. न्यायालयाने नेमलेल्या मुंबईच्या तीन डॉक्टरांनी त्यांना तपासले. तोंडात घातलेले अन्न त्या गिळत असत, माशांचे सूप त्यांना आवडत असावे असे वाटे. मात्र सप्टेंबर २०१० मधील मलेरियानंतर खाणे घटले आणि नाकातून नळी घालावी लागली. आता, चमच्याने भरवलेला घास ही शुश्रूषा आणि नळीतून दिलेला तोच घास हा औषधोपचार, अशी रेघ नेमकी कुठे ओढायची? श्वसनयंत्र बंद करण्याच्या निर्णयापेक्षा हा प्रश्न कितीतरी अवघड आहे, कारण भुकेल्याला घास देणे हे आपल्याकडे वैद्यकाच्याही आधीचे कर्तव्य मानले जाते.

७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळताना न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जीव टिकवून धरणारे उपचार काढून घेण्याला, उच्च न्यायालयाच्या परवानगीने वाट मोकळी केली. परंतु अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणींचा नसून त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असेही ठरवले. निकाल ऐकून परिचारिकांनी आनंद व्यक्त केला. त्यांच्या मायेबद्दल शंका घेण्याचे धाडस कोणी करू नये, तरीही एक गोष्ट खटकत राहते: जिच्यासाठी हा सगळा वाद चालला होता, तिला स्वतःला काय हवे होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. हल्ला झाला तेव्हा ती पंचविशीच्या आसपासची होती. त्या वयात असे कोण सांगून ठेवतो?

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जीविताच्या हक्कातच सामावलेला असल्याचे सांगून वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजेच अखेरच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या लिव्हिंग विलला मान्यता दिली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असल्याने ते जवळजवळ कागदावरच राहिले. २४ जानेवारी २०२३ रोजी नियम सैल झाले: दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते, आणि प्रत्यक्ष वेळ आली की रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळे, शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत, आपले मत देतात. मे २०२४ मध्ये गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी असे इच्छापत्र नोंदवले. ते त्या राज्यातील पहिले ठरले.

ज्यांनी असे काही लिहिलेले नाही, त्यांचे काय होते? अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर मुलगा, सून, जावई उभे असतात. डॉक्टर 'काय करायचे ते तुम्ही ठरवा' असे म्हणतात आणि बिलाचा आकडा रोज वाढत असतो. अनेकदा 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत' या मजकुराखाली सही करून रुग्णाला घरी नेले जाते. मृत्यूविषयीचा निर्णय तिथेही झालेला असतोच. फरक इतकाच की त्याला कोणी निर्णय म्हणत नाही, आणि सही करणाऱ्याच्या मनात पुढे कित्येक वर्षे तो कागद फडफडत राहतो.

केईएममध्ये अरुणाताईंना भरवणाऱ्या परिचारिकांपैकी अनेकींनी त्यांना पायांवर उभे असलेले कधीच पाहिले नव्हते. ज्यांना ती बाई बोलताना कशी होती हे माहीत नव्हते, त्यांनाच तिच्या वतीने बोलावे लागले.