११७ कुत्री आणि एक प्राध्यापक

नमस्कार श्रोतेहो.

बातम्यांत जवानाच्या पायाशी बसलेला तो बदामी रंगाचा, काळ्या तोंडाचा कुत्रा तुम्ही पाहिलाच असेल. २०२२ साली बारामुल्ल्यात दहशतवाद्यांशी लढताना लष्कराचा ॲक्सेल गेला, तो याच जातीचा. बेल्जियन मालिन्वा. आपल्याकडे सर्रास ‘मॅलिनॉइस’ म्हणतात. स्पेलिंग दिसेल तसं वाचायची ही खोड आपली कधी जाणार कोण जाणे!

पण हा मूळचा फौजी नव्हे, बरं का. मेंढपाळाचा कुत्रा. मेंढरं वळवायची, दुसऱ्याच्या पिकात घुसू द्यायची नाहीत, हे त्याचं काम. आपल्या धनगराच्या वाड्यावरचं कुत्रं रात्री राखणीला; हा दिवसभर कळपाच्या कडेनं धावणारा.

आता माझी आवडती गोष्ट. साल १८९१, नोव्हेंबरची १५ तारीख. ब्रुसेल्सला लागून क्युरेगेम नावाचं ठिकाण, तिथं जनावरांच्या डॉक्टरांचं महाविद्यालय. तिथले प्राध्यापक अडोल्फ र्‍यूल. ‘आमच्या देशाचं स्वतःचं मेंढपाळी कुत्रं आहे की नाही?’ हा त्या वेळचा प्रश्न. त्यासाठी कुत्री गोळा केली. किती? एकशे सतरा! श्रोतेहो, आमच्या गल्लीत दोन कुत्री समोरासमोर आली तरी खिडक्या लावून घ्याव्या लागतात. इथं एकशे सतरा, एका आवारात, आणि प्रत्येकाचा मालक म्हणणार, माझंच खरं.

बरं, एकासारखं एक नाही. कुणाचे केस लांब, कुणाचे आखूड, कुणाचे काथ्यासारखे राठ. कुणी काळं, कुणी बदामी, कुणी राखाडी. दुसरा कुणी असता तर हात टेकले असते. र्‍यूलनी केस बाजूला ठेवले आणि सांगाडा पाहिला. उभे त्रिकोणी कान, मध्यम चण, जेवढी उंची जवळपास तेवढीच लांबी. चाळीसेक कुत्री अगदी एका घडणीची निघाली. घडण एक, केस निराळे. पुन्हा सांगतो, घडण एक, केस निराळे! मग ठरलं, सारख्या केसांची सारख्या केसांशीच जोडी लावायची.

त्यातून पुढे चार प्रकार झाले, चारही नावं गावांवरून. लांब काळ्या केसांचा ग्रोनेनडाल. तिथल्या उपाहारगृहाचे मालक निकोलस रोज यांनी तो वाढवला. लांब बदामी केसांचा टर्व्हुरेन. आखूड केसांचा मालिन्वा, मालिन म्हणजेच मेखेलन गावचा. आणि राठ केसांचा लाकेन्वा, जो फार कमी दिसतो. कापड उन्हात वाळत घालायचे, त्याच्या राखणीलाही हा असे.

मालिन्वा बंद फ्लॅटमध्ये पाळणाऱ्यांना मात्र माझा हात जोडून नमस्कार. दिवसभर काम मागणारं जनावर ते, सोफा फाडणार नाही तर काय करणार?

अमेरिकेत १९५९ पासून या प्रकारांना वेगवेगळ्या जाती मानतात. बेल्जियममध्ये जात एकच. निसर्गही बेल्जियमच्याच बाजूचा दिसतो. दोन काळ्याभोर ग्रोनेनडालच्या पोटी अजूनही कधीकधी एखादं बदामी पिल्लू येतं. मग काळी भावंडं ग्रोनेनडाल, आणि त्याच वेतातलं हे टर्व्हुरेन!