नवा गेम आणि पहिलं मरण

(कोल्हापुरात पालक आणि तरुण मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पुढच्या रांगांत पालक आणि मागं त्यांची पोरं, अशी बैठक बघून बरं वाटलं. पोरांना वाटतंय हा आपली बाजू घेणार, पालकांना वाटतंय हा गेम सोडायला सांगणार. दोघांचीही थोडी निराशा होईल. माझा विषय छोटा आहे. नवा अॅक्शन गेम सुरू केला, तासभर खेळलो, आणि आपण म्हणतो ‘लई भारी’ किंवा ‘बंडल’. ते कशाच्या जोरावर म्हणतो?

प्रश्न पैशाचाही आहे, म्हणून पालकांनीही ऐकावं. मोठ्या कंपनीचा नवा गेम आता प्लेस्टेशनवर पाच हजारांच्या घरात जातो. कॉम्प्युटरवर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतला तर एक सोय आहे. खरेदीला १४ दिवस झालेले नसतील आणि खेळणं २ तासांच्या आत असेल, तर पैसे परत मागता येतात. २०१५ पासून ही सोय आहे. आता गंमत बघा. या दोन तासांत तुमच्या खेळाडूचं नाक-डोळं ठरवण्याचा वेळही धरला जातो. आमच्याकडची काही पोरं भुवया जाड करायच्या की बारीक यातच अर्धा तास घालवतात. मग उरलेल्या दीड तासात गेमची पारख करायची.

त्यात सुरुवातीला थाटमाट मांडायची या धंद्याची जुनी रीत आहे. २००५ चा पहिला ‘गॉड ऑफ वॉर’ आठवा. वादळातलं जहाज, आणि सुरू केल्या केल्या समोर अनेक तोंडांचा हायड्रा. अलीकडचं उदाहरण ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’. चीनच्या गेम सायन्सचा हा गेम २० ऑगस्ट २०२४ ला आला आणि एकट्या स्टीमवर एका वेळी २४ लाखांहून जास्त लोक तो खेळत होते. सुरुवातीलाच ढगांत देवांची फौज उभी, आणि तुम्ही वानरराज होऊन तीन डोळ्यांच्या देवाशी लढता. बघणारा तोंडात बोटं घालतो. पण त्या लढाईत तुमच्या हाताची काहीच परीक्षा होत नाही. ती होते पुढं, जळतं दुधारी शस्त्र गरगरा फिरवणारा लांडगा गुआंगझी समोर येतो तेव्हा. तो पहिल्यांदा आडवा करतो, तेव्हा कळतं की आपण घाव चुकवायला उशीर केला की घाई केली. माझ्या मते वुकाँगची खरी सुरुवात तिथं आहे. ढगातली लढाई ही जाहिरात.

आपल्याकडं कुस्ती बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. खासबागेत सलामी झडली म्हणून लगेच कुणी पट काढत नाही. आधी खडाखडी. मनगट धरून बघायचं, मानेवर हात टाकून वजन जोखायचं, समोरचा ओढला की कुठल्या पायावर येतो ते पाहायचं. जाणता माणूस पैलवानाच्या दंडाकडं बघत नाही, त्या खडाखडीकडं बघतो. नव्या गेमचा पहिला तास असाच बघावा.

मग हातानं बघायचं काय? २०१८ चा ‘गॉड ऑफ वॉर’ घ्या. सुरुवातीला लढाई नाहीच, गेमचा नायक क्रेटॉस झाड तोडतोय. बायकोच्या चितेसाठी. जरा वेळानं त्याची कुऱ्हाड तुमच्या ताब्यात येते. फेका, ती समोरच्याच्या छातीत जाऊन बसते. त्रिकोणाचं बटण दाबा, ती गरगरत परत येते आणि मुठीत बसताना आपल्या हातातल्या कंट्रोलरला झटका बसतो, पडद्यावरचं चित्रही किंचित हलतं. लढायला कुणी नसतानाही मी ती कुऱ्हाड उगाच फेकून परत बोलावत बसायचो. काहीच काम नसताना एखादी हालचाल परत परत करावीशी वाटली, तर त्या गेमच्या मुळात जोर आहे असं खुशाल समजावं.

हा जोर येतो कुठून? बरेच गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतात, म्हणजे एक चित्र सोळा-सतरा मिलिसेकंदांचं. चांगल्या गेममध्ये घाव लागला की मारणारा आणि मार खाणारा दोघंही काही चित्रांपुरते गोठतात. सेकंदाचा दहावा भाग, कधी त्याहून कमी. डोळ्याला ते थांबणं दिसत नाही, पण मनगटाला कळतं की काहीतरी लागलं. याला हिटस्टॉप म्हणतात. तो नसला की तलवार हवेतून फिरल्यासारखी वाटते, मग ग्राफिक्स कितीही झकपक असू दे.

आपल्या पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ काढला. सर्कशीत वाढलेली पोरगी, हातात दुर्गेनं दिलेला त्रिशूळ, हरवलेला भाऊ शोधायला निघालेली. राजस्थानी वाड्यांसारखे महाल, पहाडी चित्रांच्या ढंगाची पानं. पहिल्या दहा मिनिटांत मान डोलते. पण मारामारीत घाव पुरेसा जड लागत नाही, हे मला तेव्हाही जाणवलं आणि आजही जाणवतं. तरी विकत घ्या, असं मी सांगेन. आपल्या मातीतलं एवढ्या निगुतीनं काढलेलं काम रोज बघायला मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा. घाव घालताना कसं वाटतं हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं म्हणजे गेम तुम्हाला पहिल्यांदा मारतो कसा.

इथं बसलेल्या बऱ्याच जणांनी लहानपणी टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमवर मारिओ खेळला असेल. मूळ गेम १९८५ चा, शिगेरू मियामोटोंचा. सुरुवातीला मारिओ डाव्या बाजूला उभा, उजवीकडं मोकळी जागा. कुणी काही सांगत नाही, तरी पोरगं उजवीकडं चालायला लागतं. लगेच तो भुवया चढवलेला तपकिरी प्राणी समोरून येतो. उडी मारली नाही तर मेलात. पण गेलं काय? पाच सेकंद. आणि शिकलात काय? उडी. शिकवणी कशी द्यावी हे तिथं बघावं.

त्याच्या अगदी उलट वाटणारा गेम म्हणजे २०११ चा ‘डार्क सोल्स’. पहिल्या मोठ्या दालनात वरून भला थोरला राक्षस कोसळतो आणि तुमच्या हातात तुटक्या तलवारीची मूठ. बरीच पोरं ती मूठ घेऊनच त्याच्यावर धावून जातात आणि चारी मुंड्या चीत होतात. पण जमिनीवर ‘पळ काढ’ असा निरोप लिहिलेला असतो आणि बाजूला एक दार उघडं असतं. पळालात की खरं हत्यार मिळतं, आणि फिरून तुम्ही त्याच राक्षसाच्या डोक्यावरच्या सज्जात पोचता. वरून उडी मारून घाव घातला की त्याची बरीच ताकद एका दणक्यात जाते. म्हणजे गेमनं फसवलं नव्हतं, आपण बघितलं नव्हतं. त्याच कंपनीच्या ‘एल्डन रिंग’मध्ये, २०२२ साली, गुहेतून बाहेर उजेडात आलं की सोन्याच्या चिलखतातला घोडेस्वार फिरत असतो. त्याच्याशी लढायची सक्ती नाही. बगल देऊन निघून जा, अंगात जोर आला की परत या. आपल्या पोरांना मात्र रस्त्यात कुणी आडवा दिसला की तिढा सोडवायचाच असतो. चालायचंच!

मग वाईट मरण कुठलं? कॅमेरा भिंतीत अडकला आणि मागून कुणी मारलं, ते. बटण वेळेवर दाबलं आणि गेमनं ऐकलं नाही, ते. मेल्यावर पुन्हा तीच लांबलचक गोष्ट बघायला लावली, ते. मरणाचं कारण तुम्ही शेजारच्याला एका वाक्यात सांगू शकत असाल, तर गेम प्रामाणिक आहे.

एक सावधगिरी. जुन्या सवयीचं मरण गेमच्या नावावर टाकू नका. ४ सप्टेंबर २०२५ ला ‘हॉलो नाइट’ या गेमचा पुढचा भाग ‘सिल्कसाँग’ आला, तेव्हा आधीचा ‘हॉलो नाइट’ कोळून प्यायलेले लोकच जास्त चिडले. आधीच्यात खाली मारलेला घाव सरळ खाली जायचा, यातली नायिका हॉर्नेट सुरुवातीला तिरकी झेपावते. अंगठा जुना, गेम नवा. शिवाय सुरुवातीचे काही शत्रू खरंच जड होते. करणाऱ्यांनी पहिल्याच सुधारणेत त्यांतल्या काहींना थोडं सौम्य केलं.

घरातल्या मोठ्या टीव्हीचाही दोष असतो. चित्र चकचकीत करण्याच्या नादात टीव्ही ते उशिरा दाखवतो, आणि आपण म्हणतो गेम ढिला आहे. सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ लावा आणि मग बोला. कॉम्प्युटरवर काही नवे गेम पहिल्यांदा चालताना मधेच अडखळतात, कारण दृश्यासाठी लागणारे शेडर, म्हणजे उजेड-रंग काढणारे छोटे प्रोग्राम, तेव्हाच तयार होत असतात. तीच जागा दुसऱ्यांदा नीट चालते.

आता मागच्या बाकावरच्यांचा विषय, बीजीएमआय, म्हणजे मोबाइलवरचा शेवटपर्यंत टिकून राहायचा गोळीबाराचा गेम. नवीन आयडीवर पहिल्याच मॅचला चिकन डिनर, म्हणजे विजय, आला म्हणून शिवाजी पेठेत पार्टी मागणारे गडी मी पाहिलेत. त्या सुरुवातीच्या मॅचमध्ये समोर उभे असलेले बरेचसे बॉट असतात, कॉम्प्युटरनं चालवलेले. ते उघड्यावर उभे राहून गोळ्या खातात. ही नव्या माणसाला दिलेली गोड थाप आहे. चार दिवसांनी खरी माणसं समोर आली की मरून लॉबीत, म्हणजे मॅचआधीच्या पडद्यावर, परत यायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मला विचाराल तर तो दुसरा अनुभव पहिला धरा.

शेवटी एका मुलानं चिठ्ठी पाठवलीय : नवीन गेम थेट सगळ्यात अवघड लेव्हलवर सुरू करू का? नको. अवघड लेव्हलवर पुष्कळदा शत्रूची ताकद फुगवलेली असते. वीस घाव घातले तरी तो मरत नाही, आणि चूक तुझी की लेव्हलची हे कळत नाही. २०१८ च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये तर सगळ्यात वरची लेव्हल निवडली की ती मधे बदलताच येत नाही, गेम पहिल्यापासून सुरू करावा लागतो. बाकीच्या तीन लेव्हल वाटेत केव्हाही बदलता येतात. तू मधल्या लेव्हलवर सुरू कर.