ड्रॉपला ००९४२ आला तर चालतं, पण इन्सर्टला आला तर?

नमस्कार मंडळी, इंदूरहून. आधी ही लॉग फाइल बघा, झूम करतो थांबा, हं, दिसतंय? ओरॅकल डेटाबेसचा एरर, ओआरए ००९४२, टेबल ऑर व्ह्यू डझ नॉट एक्झिस्ट, म्हंजे असं टेबलच नाही, अन् पार खालपर्यंत तेच.

झालं काय, स्क्रिप्टमध्ये आधी ड्रॉप टेबल, म्हंजे जुनं टेबल उडवा, मग क्रिएट, नवं बनवा, मग इन्सर्ट, त्यात डेटा भरा. टेस्टच्या कोऱ्या डेटाबेसवर ड्रॉपला ००९४२ येणारच ना, टेबलच नाहीये तर ड्रॉप काय करणार, म्हणून मी शहाण्याने फाइलीच्या अगदी वर व्हेनेव्हर एसक्यूएलएरर कंटिन्यू, म्हंजे एरर आला तरी पुढे चालत राहा, असं टाकलं अन् मोकळा झालो. पुढे कुणीतरी क्रिएटमध्ये एक कॉलम वाढवला आणि कॉमा राहिला. कुणीतरी म्हंजे मीच.

रात्री जॉब लाइव्हवर लागला, आम्ही सराफ्यात भुट्ट्याचा कीस खातोय आणि मोबाइलवर मेसेज, जॉब सक्सेस! इकडे ड्रॉप व्यवस्थित झालेला, क्रिएट ००९०७ ने पडलेलं, मिसिंग राइट पॅरेंथेसिस म्हणे, कंस बिचारा जागेवरच होता, आणि त्यानंतरचे सगळे इन्सर्ट ००९४२. ओरॅकलमध्ये डीडीएल, म्हंजे ड्रॉप, क्रिएट वगैरे, आपोआप कमिट, म्हंजे पक्कं होतं, त्यामुळे रोलबॅकचा काही उपयोग नाही. नशीब ड्रॉपला पर्ज, म्हंजे कायमचं पुसा, असं लावलं नव्हतं, रिसायकल बिनमधून फ्लॅशबॅक करून टेबल परत काढलं.

आता गंमत बघा, नंबर तोच. ड्रॉपवर आला तर ठीक, इन्सर्टवर आला तर बोंब. म्हणून सूट द्यायची ती त्या एका ओळीला, अख्ख्या फाइलीला नाही. ड्रॉप एका ब्लॉकमध्ये घाला: बिगिन, एक्झिक्युट इमिजिएटमध्ये ड्रॉप, मग एक्सेप्शन व्हेन अदर्स, म्हंजे कुठलाही एरर पकडा, आणि आत चेक करा, एसक्यूएलकोड, म्हंजे एररचा नंबर, उणे ९४२ नसेल तर रेज, म्हंजे तो एरर तसाच वर फेका. हे रेज खाल्लंत तर परत माझ्यासारखंच होणार. आणि एंडनंतर नव्या ओळीवर तो स्लॅश द्या, नाहीतर ब्लॉक चालतच नाही.

फाइलीच्या वर काय? व्हेनेव्हर एसक्यूएलएरर एक्झिट फेल्युअर, म्हंजे एरर आला की तिथेच थांबा आणि फेल म्हणून सांगा. बरेच जण एक्झिट एसक्यूएल डॉट एसक्यूएलकोड लिहितात, म्हंजे एररचा नंबरच एक्झिट कोड म्हणून परत द्या, तिथे एक भारी लोचा आहे. लिनक्सवर एक्झिट कोड ० ते २५५ एवढाच मावतो, मोठा आकडा असला तर २५६ ने भागून बाकी उरते ती मिळते. ९४२ चे होतात १७४, ठीक. पण स्पेस कोटा संपल्याचा एरर आहे ०१५३६, आणि १५३६ म्हंजे बरोबर ६ गुणिले २५६. बाकी शून्य, आणि एक्झिट कोड शून्य म्हंजे सक्सेस, जॉब परत हिरवा!

पोस्टग्रेसवाल्यांना ड्रॉपचं टेन्शन नाही, इफ एक्झिस्ट्स लावा, नुसती नोटीस येते. पण पीएसक्यूएल, म्हंजे पोस्टग्रेसचं कमांड लाइन टूल, मुळातच एररवर थांबत नाही हं, ऑन एरर स्टॉप स्वतः चालू करावं लागतं, मग एक्झिट कोड ३ मिळतो. मायएसक्यूएलचं उलटं, पहिल्याच एररला थांबतं, आणि कुणी फोर्स, म्हंजे एरर आला तरी थांबू नका, असं लावून ठेवलं असेल तर ते आधी शोधा.