कोशात ‘गेला’ सापडत नाही

(साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

तिसरीतल्या पोराला मुळाक्षरं म्हणायला सांगा, एका दमात ‘ज्ञ’पर्यंत जाईल. मग विचारा, “‘ध’च्या आधी काय?” की ते पुन्हा ‘क’पासून सुटतं. अजिंक्यताऱ्यावर निम्म्यात पाणी प्यायला थांबलेल्या माणसानं पुन्हा पायथ्यापासून चढावं, तसं. कोश तर नेहमी मधेच कुठंतरी उघडतो. मागं सरकायचं की पुढं, हे तिथल्या तिथं कळायला हवं. म्हणून मी वर्गात ओळ मधूनच तोडायचो. “‘म’च्या पुढची तीन सांगा, मागची दोन सांगा.”

खरा पेच जोडाक्षराचा. एकदा चार पाट्यांवर पतंग, पता, पती, पत्र असे शब्द लिहून चौघांना उभं केलं आणि वर्गाला रांग लावायला सांगितली. सगळ्यांनी ‘पत्र’ला पुढं ढकललं. का? “त्याला काना नाही, वेलांटी नाही, सर.” त्यांच्या बाजूनं पाहिलं तर बरोबरच होतं! पण ‘पत्र’मधल्या ‘त’चा पाय मोडलेला, त्यात ‘अ’सुद्धा उरलेला नाही. तेव्हा ‘त’ची अख्खी बाराखडी संपल्यावर त्याचा नंबर. पाटी धरलेली मुलगी रुसूनच मागं गेली.

अनुस्वार बाराखडीत शेवटाकडं, कोशात मात्र बहुधा आधी. आपल्या वाईत तयार झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो सुरू होतो ‘अंक’पासून. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ काही कोशांत ‘क’ आणि ‘ज’मध्ये, काहींत अगदी शेवटी. म्हणून नवा कोश वर्गात नेण्याआधी त्याची प्रस्तावना वाचावी. ती आपण वाचायची, पोरांच्या गळ्यात मारायची नाही. ‘ळ’चं पान शोधणारा एक तरी निघतोच. ‘ळ’नं मराठी शब्द सुरू होत नाही, पण ‘बहर’नंतर ‘बळ’ दाखवलं की त्याचं समाधान होतं.

एक दिवस चौथीतला एकजण ‘ग’ची पानं चाळून आला.

“सर, ह्यात गेला नाही.”

“कोण गेला नाही?”

वर्ग हसला. तो मात्र वैतागलेला. “‘गेला’ हा शब्दच नाही!”

“‘ज’मध्ये ‘जाणे’ बघ.”

मास्तरांचं डोकं फिरलं, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडं पाहिलं. ‘पाण्यात’साठी ‘पाणी’, ‘घोड्याला’साठी ‘घोडा’ हे पोरांना चटकन पटतं, कारण मूळ शब्द समोर दिसतो. ‘गेला’त ‘जाणे’ कुठं दिसतं? मग फळ्यावर लिहिलं : रोज जातो, आत्ता जातोय, उद्या जाईल, काल…? “गेला!” वर्ग ओरडला. तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं वहीचं मागचं पान पुढं केलं. गेला – जाणे. आला – येणे. खाली ‘होता’ लिहून पुढं दोन शब्द : ‘असणे’ आणि ‘होणे’. दोन्ही खोडलेले.

“हे तुम्ही भरा,” म्हणाला.